बांधावरची निर्गुडी

रावेर-यावलच्या केळीच्या बागा असोत, चोपडा-अमळनेरकडची कपाशीची वावरे असोत की साक्री तालुक्यातले पांझरेकाठचे फड, शेताची हद्द संपते तिथे कुपाटी सुरू होते. कुठे बोरी-बाभळीच्या काट्या रचलेल्या असतात, कुठे हेकळीच्या जाळ्या, कुठे शेराची रांग, तर कुठे मोगली एरंड. जवळपास नाल्याची किंवा पाटचारीची ओल असेल, तर या सगळ्यांच्या गर्दीत निळसर तुऱ्यांचे आणि वारा आला की पांढुरके दिसणारे एक झुडूप हमखास सापडते. तीच निर्गुडी. कोणी तिला निरगुडी म्हणतात. गुजरातच्या सीमेकडे ती नगोड होते आणि सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात उतरले की संभालू.

खानदेशातल्या कुंपणांची माहिती घेताना निर्गुडीला स्वतंत्र प्रकरण द्यावे लागते, कारण एवढ्या कामांना येणारे दुसरे झुडूप आपल्या बांधावर नाही. ती हद्द राखते, माती धरते, फोक देते, पाला देते, मधमाश्यांना फुले देते आणि दुखऱ्या सांध्याला ऊब देते. तरीही तिची ओळख पुसट होत चालली आहे. गुडघे धरले की घरातले लोक तालुक्याच्या दुकानातून निर्गुडी तेलाची बाटली आणतात, आणि त्याच घराच्या बांधावरची निर्गुडी निरुपयोगी झुडपांत मोजली जाऊन तोडली जाते. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो असा. म्हणून आधी तिची ओळख पक्की करू, मग उपयोगांकडे वळू.

पाच खुणा

पहिली खूण पानाची. निर्गुडीचे पान संयुक्त असते. एकाच देठाच्या टोकाला तीन किंवा पाच पर्णिका, तळहातावर बोटे पसरावीत तशा. मधली पर्णिका सर्वांत लांब, तिच्या शेजारच्या दोन थोड्या आखूड, आणि पाच असतील तर अगदी कडेच्या दोन लहानशा, जवळजवळ बिनदेठाच्या. पर्णिका भाल्याच्या पात्यासारखी निमुळती असते. कडा बहुतेक वेळा सरळ असते, पण काही झुडपांवर ती दातेरी किंवा कातरल्यासारखी आढळते. अशा झुडपाला कात्री निर्गुडी म्हणतात. तीही निर्गुडीच, तिचाच एक प्रकार.

दुसरी खूण पानाच्या पाठीची. वरची बाजू हिरवी, खालची राखाडी-पांढरी. एक पान तोडून उलटे करा आणि अंगठ्याने पाठ चोळा. बारीक मऊ लव हाताला लागते. या लवेमुळेच वाऱ्याने फांद्या उलटल्या की सगळे झुडूप क्षणभर पांढुरके दिसते, आणि सराव झालेल्या डोळ्याला ते लांबूनही ओळखू येते.

तिसरी खूण वासाची. पान चुरगाळले की उग्र, कडसर, औषधी वास येतो आणि तो बराच वेळ बोटांवर राहतो. हा वास पानातल्या उडनशील तेलाचा आहे. निर्गुडीच्या पुष्कळशा उपयोगांचे मूळ या तेलात आहे.

चौथी खूण कोवळ्या फांदीची. ती गोल नसते, चौकोनी असते. दोन बोटांत धरून फिरवली की चार कडा जाणवतात. पानांच्या जोड्या समोरासमोर येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात असते. फांदीला काटा नसतो आणि ती मोडली तर चीक येत नाही. या दोन ‘नाही’ फार महत्त्वाच्या आहेत, कारण कुंपणातल्या इतर झुडपांपासून निर्गुडी वेगळी काढायला त्याच कामी येतात.

पाचवी खूण फुलाफळाची. फांदीच्या शेंड्याला लांब, शाखा फुटलेला तुरा येतो. त्यावर जांभळट-निळी फुले दाटीने लागतात. फूल जेमतेम ज्वारीच्या दोन दाण्यांएवढे, पण जवळून पाहिले तर त्याची ठेवण सुबक असते. पाच पाकळ्यांपैकी खालची मधली पाकळी मोठी आणि पुढे आलेली असते, तिच्यावर मधमाशी टेकते. चार पुंकेसर बाहेर डोकावतात. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत फुलांचा जोर असतो आणि पायाशी ओल टिकली तर एरवीही फुले दिसतात. फळ मिऱ्याएवढे, गोल, पिकल्यावर काळे.

पाचही खुणा जुळल्या तरच निर्गुडी म्हणावे. एकट्या पानावर विसंबू नये.

गल्लत कुठे होते

बोटांसारख्या पर्णिका आणखी काही वनस्पतींना असतात. काटेसावरीच्या रोपाला पाच ते सात पर्णिका येतात, पण तिची पाने समोरासमोर नसतात, पानाची पाठ पांढरी नसते आणि खोडावर जाड काटे येतात. पांढऱ्या तिळवणीलाही पाच पर्णिका असतात, पण ती पावसाळ्यात उगवून संपणारी, लवकर सुकणारी छोटी वनस्पती आहे. झुडूप नव्हे. घाणेरीची फांदी चौकोनी असते आणि पाने समोरासमोर असतात, त्यामुळे फांदी पाहून फसगत होऊ शकते. मात्र घाणेरीचे पान साधे, खरखरीत आणि एकसंध असते, अंगावर बारीक काटे असतात आणि फुलांच्या गुच्छात पिवळा, नारिंगी, गुलाबी असे रंग मिसळलेले असतात. अडुळशाची पानेही समोरासमोर, पण एकेकटी आणि मोठी, आणि फुले पांढरी.

खरी काळजी घ्यायची ती याच कुपाटीतल्या विषारी शेजाऱ्यांची. मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, त्यामुळे मुले त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पोहोचतात. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. पिवळ्या कण्हेरीच्या बिया हृदयावर घात करतात. निर्गुडीचा पाला आणायला मुलाला धाडण्याआधी त्याला तिच्या पाच खुणा आणि या तीन शेजाऱ्यांची नावे शिकवणे हे मोठ्यांचे काम आहे.

शंका उरली तर जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात फुलासह फांदी दाखवावी. आपल्या भागात हे काम चांगले झालेले आहे. धुळे-नंदुरबारच्या वनस्पतींचा डॉ. डी. ए. पाटील यांनी केलेला ग्रंथ २००३ मध्ये आला आणि जळगाव जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा क्षीरसागर आणि पाटील यांचा ग्रंथ २००८ मध्ये. आपल्या बांधावरच्या झुडपांची शास्त्रीय नोंद आपल्याच भागातल्या अभ्यासकांनी करून ठेवली आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

घराणे आणि प्रवास

निर्गुडीचे शास्त्रीय नाव व्हायटेक्स नेगुंडो. पूर्वी तिला घाणेरीच्या कुळात धरत. आता ती तुळशीच्या कुळात मोडते, आणि सातपुड्यातला सागही याच कुळातला. चौकोनी फांदी, समोरासमोरची पाने आणि ओठासारखे फूल ही त्या घराण्याची लक्षणे तुळशीत आणि निर्गुडीत सहज दिसतात.

तिचा युरोपीय ग्रंथांतला प्रवास आपल्या किनाऱ्यावरूनच सुरू झाला. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने भारतीय औषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला. त्यात ‘नेगुंडो’ आहे. पुढच्या शतकात मलबारच्या वनस्पतींवरच्या डच ग्रंथमालेत तिचे चित्र आले. १७५३ मध्ये स्वीडनच्या कार्ल लिनियसने तिला आजचे शास्त्रीय नाव दिले. त्याच वर्षी त्याने उत्तर अमेरिकेतल्या एका मॅपल वृक्षालाही ‘नेगुंडो’ हेच नाव जोडले, कारण त्याची संयुक्त पाने निर्गुडीच्या पानांची आठवण करून देतात.

आशियात ती आजही कामाची वनस्पती आहे. फिलिपिन्समध्ये तिला लागुंडी म्हणतात. तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने मान्यता दिलेल्या दहा औषधी वनस्पतींत तिचा समावेश आहे आणि खोकल्यासाठी लागुंडीच्या गोळ्या व सिरप तिथे दुकानात मिळतात. उत्तर चीनच्या डोंगराळ भागात तिच्याच एका प्रकाराच्या फुलांवर मधमाश्या पाळून मोठ्या प्रमाणावर मध काढला जातो.

हद्द राखणारी, माती धरणारी

कुंपणाला लावायच्या झुडपात शेतकरी तीन गुण पाहतो. ढोरांनी खाऊ नये, तोडले तरी फुटावे आणि पाणी मागू नये. निर्गुडीत हे तिन्ही आहेत. उग्र वासामुळे गुरे आणि शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. छाटली की बुडापासून नवे फुटवे येतात आणि दर छाटणीनंतर जाळी दाट होते. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, धुळ्याच्या पूर्व भागात वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. असा उन्हाळा निर्गुडी काही पाने गाळून काढते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा भरते.

काटा नसल्यामुळे एकटी निर्गुडी घुसखोर जनावराला पुरती अडवू शकत नाही, हेही खरे. म्हणून जुन्या कुपाट्यांत ती हेकळ, बोर, सागरगोटा अशा काटेरी झुडपांच्या सोबतीने दिसते. काटेरी झुडूप जनावराला अडवते आणि निर्गुडी मधल्या फटी बुजवते. असे मिश्र कुंपणच टिकते.

तिचे दुसरे काम जमिनीखाली चालते. मुळे पसरतात, त्यांतून नवे फुटवे निघतात आणि नाल्याचा काठ बांधला जातो. तापीच्या दोन्ही थड्यांना गाळाची खोल जमीन आहे. ती सुपीक आहे, पण वाहत्या पाण्यासमोर लवकर ढासळते. तापीकाठच्या घळी त्याची साक्ष देतात. नाल्याकाठची झुडपे साफ करून कडेपर्यंत नांगर नेला की दोन-चार पावसाळ्यांत काठच आत सरकतो. वितभर जमीन वाढवायला जावे आणि हातभर गमवावी, असे होते. अशा काठावर निर्गुडीची रांग म्हणजे फुकटातले बांधबंदिस्तीचे काम आहे.

फुलांमुळे ती मधमाश्यांना आधार देते. कांद्याचे बीजोत्पादन, डाळिंब, काकडी-भोपळ्याचे वेल या पिकांना परागीकरणासाठी मधमाश्या लागतात. पीक फुलोऱ्यात नसताना त्यांना काही खायला मिळाले तरच त्या परिसरात टिकतात. निर्गुडीचा लांब चालणारा फुलोरा ती मधली वेळ भरून काढतो.

फोक, कणगी आणि धान्य

निर्गुडीचे सरळ, लवचीक फोक ओले असताना हवे तसे वाकतात आणि वाळले की घट्ट बसतात. त्यांच्या टोपल्या विणतात, कुडाच्या भिंती करतात, बैलगाडीच्या ताट्या करतात. धान्य साठवायच्या कणग्याही निर्गुडीच्या किंवा तुरीच्या फोकांच्या असत. बाहेरून-आतून शेणमातीने लिंपले की कणगी तयार. पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि कणग्या मागे पडल्या, पण सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर कुडाची घरे अजून दिसतात.

धान्यात वाळलेला पाला घालण्याची रीत मात्र आजही घरोघर चालू शकते. ज्वारी, बाजरी, गहू किंवा डाळी कडक उन्हात वाळवाव्यात, थंड होऊ द्याव्यात, आणि कोठीत भरताना मधून मधून निर्गुडीचा किंवा कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला पसरावा. पाला पूर्ण वाळलेला हवा. ओला राहिला तर धान्याला बुरशी लागते. निर्गुडीच्या वासाने सोंडकिडे दूर राहतात, हे प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतही दिसले आहे. लागलेली कीड मात्र पाल्याने मरत नाही. हा उपाय कीड लागण्याआधीचा आहे.

दशपर्णी अर्कातले एक पान

सेंद्रिय आणि नैसर्गिक शेती करणाऱ्यांना निर्गुडी दशपर्णी अर्कामुळे माहीत आहे. २०० लिटरच्या टाकीत पाणी घेऊन कडुनिंबाचा ५ किलो पाला आणि निर्गुडी, करंज, सीताफळ, रुई, एरंड, पपई, घाणेरी, कण्हेर, गुळवेल यांचा प्रत्येकी सुमारे २ किलो पाला ठेचून घालतात. त्यात गोमूत्र, शेण, हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा मिसळतात. टाकी सावलीत, तोंडाला कापड बांधून ठेवतात, रोज ढवळतात आणि साधारण महिनाभराने गाळून वापरतात.

कपाशीवरचा मावा, तुडतुडे अशा रस शोषणाऱ्या किडींना दूर ठेवण्यासाठी शेतकरी तो फवारतात. प्रादुर्भाव थोडा असताना आणि नियमित फवारणी केली तर त्याचा उपयोग होतो. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत तो पोहोचत नाही, तिथे कामगंध सापळे आणि हंगाम संपताच पऱ्हाटीचा नायनाट हेच उपाय महत्त्वाचे. अर्कात कण्हेर, रुई, एरंड अशा विषारी वनस्पती आहेत, हे विसरू नये. हातमोजे घालावेत, तोंडाला फडके बांधावे आणि टाकी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

घरचे औषध आणि त्याची मर्यादा

आयुर्वेदात निर्गुडी वात आणि सूज यांवरची प्रमुख वनस्पती मानली जाते. ग्रंथांत निळ्या फुलांची निर्गुंडी आणि पांढऱ्या फुलांची सिंदुवार असा भेदही केलेला आहे. पानांतल्या कॅस्टिसिन, नेगुंडोसाइड अशा घटकांचा अभ्यास झाला आहे आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत सूज व वेदना कमी करण्याचा गुण दिसला आहे. माणसांवरच्या मोठ्या चाचण्या त्या मानाने थोड्याच आहेत. त्यामुळे बाहेरून वापर निर्धास्तपणे करावा, पोटात घेण्याचे मात्र जाणत्या वैद्याशिवाय करू नये.

घरोघरी चालणारे वापर साधे आहेत. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात निर्गुडीचा पाला उकळतात. अंग आंबले, कंबर धरली की त्याच पाण्याने शेक घेतात. मुरगळलेल्या घोट्याला किंवा आखडलेल्या गुडघ्याला आधी तेल लावून, तव्यावर गरम केलेली पाने ठेवून फडक्याने बांधतात. सर्दीत पाल्याचा वाफारा घेतात.

तेल घरी करता येते. ताजा पाला धुऊन, निथळून वाटावा आणि पिळून रस काढावा. चार वाट्या रसाला एक वाटी तिळाचे तेल घेऊन जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवावे. सुरुवातीला मिश्रण हिरवेगार असते आणि त्यातून जोरात बुडबुडे येतात. पाणी आटत जाते तसे बुडबुडे कमी होतात आणि खाली गाळ बसू लागतो. हा गाळ आधी चिकट लागतो, मग बोटांत वळता येतो. त्याची छोटी वात वळून दिव्याच्या ज्योतीवर धरावी. चटचट आवाज आला तर पाणी शिल्लक आहे, आणखी आटवावे. आवाज न होता वात पेटली की तेल झाले. लगेच उतरवावे, गार करून गाळावे आणि कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे. पाण्याचा अंश राहिला तर तेल खवट होते, म्हणून ही परीक्षा चुकवू नये.

आता मर्यादा. सांधा लाल, गरम असून सोबत ताप असेल, पडल्यावर पाय टेकवत नसेल किंवा हाड मोडल्याची शंका असेल, तर पाला बांधण्यात वेळ घालवू नये, डॉक्टरांकडे जावे. उघड्या जखमेवर तेल किंवा पाला लावू नये. पहिल्यांदा वापरताना मनगटावर थोडे लावून खाज येते का ते पाहावे. लहान मुलांना वाफारा देताना भाजण्याचा धोका असतो, तो टाळावा. गरोदर बाईने निर्गुडीचे काहीही पोटात घेऊ नये.

लावायची कशी

निर्गुडी लावायला रोपवाटिकेत जावे लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी, जूनच्या शेवटी किंवा जुलैत, निरोगी झुडपाची पेन्सिलएवढ्या जाडीची पक्व फांदी घ्यावी. तिचे वीतभर किंवा थोडे मोठे तुकडे करावेत, खालचा काप तिरका आणि वरचा सरळ. अर्धी कांडी मातीत जाईल अशा बेताने बांधाच्या बाहेरच्या उतारावर फूटभर अंतराने लावावी आणि माती पायाने दाबावी. दोन-तीन जोरदार पाऊस झाले की फुटवे दिसतात. पहिला उन्हाळा निघेपर्यंत शक्य तेव्हा पाणी द्यावे, पुढे लागत नाही. दुसऱ्या वर्षापासून कमरेच्या उंचीवर छाटावी. निघालेला पाला धान्याला, अर्काला आणि शेकाला पुरतो. कांड्या आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या बांधावरून घ्याव्यात. वनखात्याच्या हद्दीतल्या झुडपांना परवानगीशिवाय हात लावू नये.

तारेचे कुंपण करायला हरकत नाही. जनावरांचा आणि रानडुकरांचा त्रास असेल तर ते करावेच लागते. पण तार ओढण्यासाठी निर्गुडी मुळासकट उपटायची गरज नसते. तार आतून जाऊ द्यावी, निर्गुडी बाहेरच्या उताराला राहू द्यावी. तार जनावर अडवील, माती मात्र निर्गुडीच धरील. येत्या पावसाळ्यात आपल्या नाल्याकडच्या बांधावर दहा-वीस कांड्या लावा आणि लावताना घरातल्या मुलांना सोबत न्या, म्हणजे पाच खुणा त्यांना पुस्तकातून पाठ कराव्या लागणार नाहीत.